घरी बनवलेल्या राउटर टेबलसाठी राउटर आणि प्लेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, वसई-विरारकडच्या हौशी सुतारांकडून आणि लहान वर्कशॉपवाल्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. राउटर म्हणजे वेगानं फिरणाऱ्या बिटानं (कापणाऱ्या पात्यानं) लाकडात खाच मारणारं किंवा कड घडवणारं यंत्र. टेबलात तो उलटा टांगतात, आणि त्याला धरणारी, टेबलाच्या टॉपमध्ये बसणारी सपाट पाटी म्हणजे प्लेट. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा संबंध आला तर त्याचा क्रमांक दिला आहे.

1. राउटर टेबल बनवायलाच हवं का? हातात धरून भागत नाही का?

बरंचसं भागतं. मोठ्या फळीची कड गोल करायची असेल किंवा दारात बिजागरीची खाच मारायची असेल, तर राउटर हातात धरलेलाच बरा. टेबल लागतं ते लहान आणि अरुंद तुकड्यांना: फोटोफ्रेमची पट्टी, ड्रॉवरची बाजू, देवघराची महिरप. तिथे राउटरच्या बेसला टेकायला जागाच नसते. तो डुगडुगतो आणि कड खाल्ली जाते. टेबलात राउटर उलटा आणि घट्ट बसतो, लाकूड सांभाळायला दोन्ही हात मोकळे राहतात. पॅनेल रेझिंगचे (शटरच्या फळीच्या कडा उतरत्या करणारे) मोठे बिट तर टेबलावरच चालवायचे, हातात कधीच नाही.

2. आधी राउटर घेऊ की प्लेट?

आधी बिट ठरवा. मग राउटर, मग प्लेट, आणि शेवटी टेबलाचा टॉप. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. चांगली प्लेट स्वस्तात दिसली म्हणून घेतात, प्लायला तेवढी खिडकी पाडतात आणि मग त्यात बसेल असा राउटर शोधत फिरतात. पुढच्या वर्षभरात काय बनवणार ते कागदावर लिहा. फ्रेम, ट्रे, ड्रॉवर एवढंच असेल तर पाव इंची शँकचे (शँक म्हणजे राउटरमध्ये धरला जाणारा बिटाचा दांडा) बिट पुरतात. स्वयंपाकघराची सागवानी शटर करायची असतील तर अर्धा इंची लागतील. या एका फरकावर पुढचं सगळं ठरतं.

3. किती वॉटचा राउटर घ्यावा?

घरच्या टेबलाला 1,300 ते 1,600 वॉट पुरेसे आहेत. 500 ते 700 वॉटचे ते ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारे छोटे राउटर (प्रश्न 5). 2,000 च्या पुढचे राउटर रोज शटर काढणाऱ्या कारखान्यासाठी. वॉटचा आकडा मोटर किती वीज ओढते ते सांगतो, कापाची सफाई सांगत नाही. दुकानदार वॉटच पुढे करतो, कारण तो खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तुम्ही कॉलेट (बिटाचा शँक पकडणारी पकड), वेगाची चकती आणि उंची बदलायची सोय विचारा. तिन्ही चांगली असतील तर 1,300 वॉटचं मशीन टेबलात सुखानं काम देतं.

4. कॉलेट 6, 8, 12 मिमी, पाव इंच, अर्धा इंच… यात नेमकं काय घ्यायचं?

सगळ्यात जास्त पैसे आणि बोटं इथेच धोक्यात येतात, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्या बाजारात मेट्रिक आणि इंची दोन्ही माल शेजारी-शेजारी विकला जातो. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी आणि अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. जुने सुतार सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलतात. दोन सूत म्हटलं की त्यात 6 मिमीही येतं आणि पाव इंचही. फळीच्या जाडीला ते चालतं, कॉलेटला मुळीच चालत नाही. 6 मिमीचा शँक 6.35 च्या कॉलेटमध्ये घातला तर पाना लावून घट्ट केल्यासारखं वाटतं, पण पकड अर्धवट असते. काम करता करता बिट सरकत वर येतो. 12 आणि 12.7 मध्ये तर त्याहून मोठा फरक आहे. कागद गुंडाळून किंवा पत्र्याची पट्टी घालून बिट बसवू नका.

म्हणून तुमच्याकडे बिट कोणत्या मापाचे आहेत किंवा सहज कोणते मिळतात ते आधी पाहा. कोऱ्या पाटीपासून सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला: मोठं कॉलेट 12 किंवा 12.7, आणि त्याच कंपनीचं 6 किंवा 8 चं दुसरं खरं कॉलेट. दोन्ही एकाच पद्धतीची ठेवा, मेट्रिक किंवा इंची. बारीक बिटांसाठी मोठ्या कॉलेटमध्ये बसणारी नळी मिळते. ती चालते, पण प्रत्येक जोडाला थोडी थरथर वाढते.

8 मिमीला कमी लेखू नका. शँक जाड असला की बिट कमी थरथरतो आणि 8 मिमी हा 6 पेक्षा बराच ताठ असतो. मात्र आधी आपल्या नेहमीच्या दुकानात त्या शँकचे बिट मिळतात का ते बघा.

बिट बसवताना शँक तळापर्यंत सोडायचा आणि दोन-तीन मिमी वर ओढून मग आवळायचा. तळाला टेकलेला बिट कॉलेटला नीट आवळू देत नाही.

5. माझ्याकडे ट्रिमर आहे. तोच टेबलाखाली लावला तर?

लावा, सुरुवातीला उत्तमच आहे. मकिता आरटी0700सी हा 710 वॉटचा, मिनिटाला 10,000 ते 30,000 फेऱ्यांचा ट्रिमर छोट्या टेबलात छान चालतो. बॉश जीकेएफ 550 सारख्या ठरावीक वेगाच्या ट्रिमरवर कड गोल करणं, चॅम्फर (तिरपी कापलेली कड), 6 मिमीची खाच ही कामं होतात. मर्यादा मात्र पाळा: साधारण 25 मिमीपर्यंतचे बिट, आणि खोल काप दोन-तीन फेऱ्यांत. सागवानावर एका दमात 10 मिमी खोल खाच काढायला गेलात तर मोटर तापते आणि लाकूड काळं पडतं.

बऱ्याच ट्रिमरच्या मोटरचा व्यास 65 मिमीच्या आसपास असतो. त्या मापाच्या छोट्या प्लेट आणि कडी तयार मिळतात. तरी आपली मोटर कॅलिपरनं मोजूनच घ्या.

6. प्लंज राउटर टेबलात चालतो का, की फिक्स्ड बेसच हवा?

दोन्ही चालतात, पण उलटं टांगल्यावर ते वेगळे वागतात.

फिक्स्ड बेसमध्ये मोटर फिरवून किंवा सरकवून उंची ठरते, मग खटका लावायचा. साधं आणि भरवशाचं. प्लंजमध्ये, म्हणजे मोटर दाबून खाली नेता येणाऱ्या राउटरमध्ये, स्प्रिंग असते. सरळ धरल्यावर ती मोटर वर उचलते. उलटं केल्यावर तीच स्प्रिंग मोटर खाली ढकलते आणि मोटरचं वजनही त्यातच भर घालतं. सहा किलोचा राउटर त्या जोराविरुद्ध अर्धा मिमी वर न्यायचा म्हणजे मनगटाची परीक्षा. म्हणून टेबलात कायम राहणार असेल तर पुष्कळ जण स्प्रिंग काढतात. ती ताणलेली असते आणि उडते, तेव्हा मॅन्युअल बघून, चष्मा लावून काढा आणि डबीत जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्लंज घ्यायचाच असेल तर स्क्रू फिरवून उंची बारीक बदलता येते का ते दुकानातच करून बघा. ट्रायटन टीआरए001 सारख्या काही राउटरमध्ये टेबलाच्या वरून हँडल घालून उंची बदलण्याची सोय मुळातच असते, आणि कॉलेटही वर येतं. टेबलासाठी ही फार मोठी सोय आहे. नसेल तर बिट बदलताना दर वेळी खाली वाकावं लागतं.

7. वेग कमी-जास्त करता येणाराच घ्यावा का?

25 मिमीच्या वरचा बिट लावणार असाल तर हो, यात तडजोड नको. 80 मिमी व्यासाचा बिट 22,000 फेऱ्यांवर फिरवला तर त्याच्या धारेचा वेग ताशी 330 किमीच्या आसपास जातो. 12 मिमीचा बिट तेवढ्याच फेऱ्यांवर ताशी 50 किमी. फेऱ्या त्याच, पण धोका अजिबात तोच नाही.

ढोबळ हिशेब असा ठेवा: 25 मिमीपर्यंत 22,000 ते 24,000, 50 मिमीपर्यंत 18,000, 65 मिमीपर्यंत 16,000, आणि त्यापुढे 10,000 ते 12,000. बिटावर किंवा पाकिटावर कमाल वेग छापलेला असेल तर तोच शेवटचा शब्द. मकिता 3612 दणकट आहे, पण ठरावीक 22,000 फेऱ्यांचा. त्याला पॅनेल रेझिंग बिट लावू नये. बॉश जीओएफ 130 (11,000 ते 28,000) किंवा जीओएफ 1600 सीई (10,000 ते 25,000) यांचा वेग खाली आणता येतो.

8. ठरावीक वेगाच्या राउटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करता येईल का?

नाही. पंखा शंभर वॉटच्या आत चालतो, राउटर त्याच्या दहापट वीज ओढतो. रेग्युलेटर जळेल, आग लागू शकते. मोठ्या क्षमतेचे वेगळे स्पीड कंट्रोलर मिळतात आणि ते साध्या ब्रशवाल्या मोटरवर चालतात, पण वेग उतरवला की त्यांनी जोरही उतरतो. राउटरमधलं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण लाकूड लागल्यावर वेग टिकवून धरतं, बाहेरचा डबा तसं करत नाही. ज्या राउटरमध्ये आधीच वेगाची चकती किंवा सॉफ्ट स्टार्ट (हळूहळू वेग धरण्याची सोय) आहे, त्याला बाहेरचा कंट्रोलर कधीच जोडू नका.

9. जुना राउटर मिळतोय. दुकानात काय तपासू?

प्लग काढून ठेवा आणि कॉलेट हातात घ्या. आतून तपकिरी चट्टे, ओरखडे किंवा तोंडाशी घंटेसारखा पसरटपणा दिसला तर कॉलेट गेलेलं आहे. नवं मिळतं का ते विचारा आणि मगच भाव करा. मग सरळ शँकचा बिट बसवून त्याचं टोक बोटांनी बाजूला हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग संपलंय. शेवटी रिकामा चालू करा: आवाज एकसारखा हवा, खरखर नको. कार्बन ब्रशपाशी ठिणगी बारीक असते. गोल फिरणारं ठिणग्यांचं कडं दिसलं तर सोडून द्या. कार्बन ब्रश नागदेवी स्ट्रीटला मिळतात, त्यापायी चांगलं मशीन नाकारू नका.

10. प्लेट लागतेच का? राउटर सरळ प्लायला लावला तर?

18 मिमी प्लायला लावलात तर बिटाची 10-12 मिमी पोच वाया जाते, कारण राउटरचा मूळ प्लास्टिक तळ जेमतेम 6 मिमीच्या आसपास असतो. प्लाय खालून कोरून पातळ केला तर तो हळूहळू खाली बसतो. ट्रिमरसारख्या हलक्या मशीनला 12 मिमी प्लाय चालतो. मोठ्या राउटरला प्लेटच हवी. पातळ असून ताठ राहणं, हेच तिचं काम.

11. ॲल्युमिनियम, हायलम, ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट?

मोठ्या राउटरला ॲल्युमिनियम किंवा जाड हायलम. ॲक्रिलिक नको. ते पारदर्शक दिसतं, छान कापलं जातं आणि पहिल्या दिवशी एकदम सपाट असतं. पण सहा किलो वजन महिनोन्‌महिने टांगलं की मध्ये खोलगट होत जातं, आणि स्क्रूच्या भोकापाशी तडे जातात. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण वाकतं.

ॲल्युमिनियम घेताना 6061 किंवा 6082 मिश्रधातू मागा. नुसतं 'ॲल्युमिनियम शीट' म्हटलं तर मऊ पत्रा हातात पडू शकतो. मोठ्या राउटरला 8 ते 10 मिमी जाडी, ट्रिमरला 6 मिमी. ॲनोडाइज (वर कडक थर चढवून) करून घेतलं तर उत्तम, नाहीतर पांढऱ्या लाकडावर करडे डाग उमटतात. पर्याय म्हणून वर फर्निचरचं मेण घासत राहा.

हायलम, म्हणजे फिनॉलिक शीट, हा आपल्याकडचा दुर्लक्षित उत्तम पर्याय आहे. कापडाच्या थरांचा 10 मिमी हायलम ताठ असतो, डाग पाडत नाही आणि साध्या कार्बाइड बिटानं कापता येतो. धूळ मात्र घशाला झोंबते, मास्क हवाच.

कुठलीही प्लेट असो, काउंटरवरच तपासा. स्टीलची फूटपट्टी प्लेटवर कर्णात कडेनं उभी ठेवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च धरा. पट्टीची दोन टोकं टेकली आणि मध्ये उजेडाची रेघ दिसली, तर प्लेट खोलगट आहे. त्या फटीत झेरॉक्सचा साधा कागद सरकवून बघा. तो साधारण 0.1 मिमी जाड असतो. कागद सहज गेला तर प्लेट परत करा. पट्टी मध्यावर किंचित डुलत असेल तर प्लेट फुगीर आहे. अगदी थोडा फुगवटा चालतो, राउटरच्या वजनानं तो उतरतो. खोलगटपणा वजनानं वाढतच जातो.

12. प्लेट केवढी असावी? आणि त्या रिंगा कशाला?

राउटर प्लेटला लावलेल्या स्थितीत वरून उचलून काढता यावा, एवढी. त्याची मुठीसकट सर्वात जास्त रुंदी मोजा. परदेशी तयार प्लेट बहुतेकदा 235 × 298 मिमीच्या आसपास असतात, पण इंची मापात थोडा-थोडा फरक असतो. म्हणून खिडकी नेहमी हातातल्या प्लेटवरूनच कापायची, जाहिरातीतल्या आकड्यावरून नाही.

रिंगांमुळे बिटाभोवतीचं भोक लहान होतं. बिटापेक्षा थोडंच मोठं भोक असलं की लाकडाचं टोक आत घसरत नाही. घरची प्लेट असेल तर निदान दोन मापांच्या रिंगा करून घ्या.

13. मुंबईत हे सामान कुठे पाहावं?

राउटर, बिट, सुटे भाग: नागदेवी स्ट्रीट. ॲल्युमिनियमचा कापलेला तुकडा: गुलालवाडी. स्विच, वायर, हायलम: लोहार चाळ. तिन्ही ठिकाणं सीएसएमटी किंवा मस्जिद स्टेशनवरून पायी होतात. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, तेव्हा आठवड्यातल्या दिवशी जा. राउटरचा मूळ तळ आणि एक स्क्रू खिशात ठेवा. तोंडी मापानं आणलेला स्क्रू निम्म्या वेळा परत करावा लागतो. मधलं गोल भोक मात्र लेथवाल्याकडून करून घ्या.

14. प्लेटला स्क्रूची भोकं बरोबर जागी कशी पाडायची?

राउटरचा प्लास्टिक तळ काढा, दुहेरी टेपनं प्लेटवर चिकटवा आणि त्याच्या भोकांतून खुणा करा. मुठी आणि उंचीचा स्क्रू कोणत्या बाजूला येणार ते आधी बघा, नंतर फिरवता येत नाही. स्क्रू सपाट बुडणारे, म्हणजे काउंटरसंक डोक्याचे, मूळच्याच आट्यांचे पण प्लेटच्या जाडीनुसार लांब. बिट रिंगच्या अगदी मधोमध नसला तरी फेन्सवरच्या (लाकूड टेकवून ढकलायच्या उभ्या पट्टीवरच्या) कामात काही बिघडत नाही, कारण माप बिट आणि फेन्समधल्या अंतरावर ठरतं. रिंगला घासू नये इतकं बघा.

15. प्लेट टॉपशी एकपातळीत कशी आणायची?

खाच प्लेटच्या जाडीपेक्षा एखादा मिमी जास्त खोल ठेवा आणि कोपऱ्यांत खालून एम6 ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) द्या. ते वर-खाली करून पातळी जुळवा. पुढून येणारं लाकूड जिथे प्लेटवर चढतं तिथली कड केसभर खाली चालेल, वर मुळीच नको, लाकूड तिथे अडतं.

16. पावसाळ्यात टॉप फुगतो आणि प्लेट अडकते. काय करू?

साधा एमडीएफ मुंबईच्या जून-सप्टेंबरच्या हवेत उघडा ठेवला की कडा फुगणारच. दोन थर 18 मिमी प्लाय चिकटवा. आयएस 710 चा मरिन प्लाय असेल तर उत्तम. सनमायका वर आणि खाली, दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला तर टॉप धनुष्यासारखा वाकतो. खिडकीच्या कापलेल्या कडांना दोन हात पॉलिश किंवा पातळ फेव्हिकॉल द्या. बहुतेक लोक नेमक्या याच कडा विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं. प्लेटभोवती सगळीकडून अर्धा मिमी मोकळं ठेवा.

17. घरातल्या साध्या सॉकेटवर चालेल का? स्विच कुठला?

230 व्होल्टवर 1,600 वॉटचा राउटर 7 अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून 16 अँपिअरचा सॉकेट. 6 अँपिअरचा फक्त ट्रिमरला. एक्स्टेन्शन लागलंच तर 1.5 चौरस मिमी तांब्याची वायर, आणि पूर्ण उलगडून. बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा.

टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यानं बंद करता येईल असा नो-व्होल्ट स्विच लावा. वीज जाऊन आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही. हे खरंच महत्त्वाचं आहे: लाइट गेली म्हणून तुम्ही बिट बदलायला हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली, तर काय होईल ते सांगायला नको. बिट बदलताना तरीही प्लग काढाच.

18. भावानं अमेरिकेहून राउटर आणलाय. इथे चालेल?

पाटीवर 120 व्होल्ट लिहिलं असेल तर थेट लावलात की जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, 50-60 हर्ट्झचा फरक अशा ब्रशवाल्या मोटरला अडत नाही. 1,500 वॉटच्या राउटरला निदान 2,000 व्हीएचा लागेल, तो जड असतो. कॉलेटही इंची येईल, प्रश्न 4 पाहा.

19. फ्लॅटमध्ये वापरता येईल का?

बाल्कनीत, दिवसा, थोडा वेळ. राउटर 90 डेसिबलच्या वर सहज जातो. 2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे. दुपारी दोन ते चार सोडा, सोसायटीच्या कामाच्या वेळा विचारा, आणि वरच्या-खालच्या घरी आधी सांगून या. टेबलाच्या पायांखाली जाड रबर घाला, खालच्या घरात थरथर पोचते ती जमिनीतून. कानांना मफ तुम्हालाही हवेतच.

भुसा हा आवाजापेक्षा मोठा प्रश्न आहे. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. फेन्सच्या मागे आणि राउटरच्या पेटीत, दोन्हीकडून व्हॅक्यूमनं ओढा आणि एन95 मास्क लावा.

20. लाकूड कोणत्या बाजूनं ढकलायचं?

फेन्ससमोर उभे राहिलात की उजवीकडून डावीकडे. लाकूड बिट आणि फेन्स यांच्या फटीत कधीच घालायचं नाही, ते बाणासारखं सुटतं.

फसवा अपवाद खाच रुंद करताना येतो. पहिली खाच मारून झाल्यावर फेन्स बिटापासून मागे, तुमच्यापासून लांब सरकवा. मग दुसरा काप खाचेच्या तुमच्याकडच्या भिंतीला लागतो आणि उजवीकडून डावीकडे ढकलणं सुरक्षित राहतं. फेन्स पुढे आणलात तर बिट पलीकडची भिंत खातो आणि लाकूड हातातून ओढून नेतो.

21. उंची पूर्ण वर केली तरी कॉलेट प्लेटपर्यंत येत नाही. कॉलेट एक्स्टेन्शन (कॉलेट लांबवणारा जोड) लावू?

आधी स्टॉपचा नट किंवा धूळझाकण अडवतंय का ते बघा. बरेचदा दोन मिमी तिथेच मिळतात. मग पातळ पण ताठ प्लेटचा विचार करा, हायलमऐवजी 8 मिमी ॲल्युमिनियम. लांब शँकचा बिटही चालतो. कॉलेट एक्स्टेन्शन फक्त बारीक बिटांसाठी आणि कमी वेगावर. मोठ्या बिटाखाली ते लावू नका.

22. राउटर लिफ्ट घ्यावी का?

लिफ्ट म्हणजे उंची बदलायची यंत्रणा जोडलेली प्लेट. वापरायला सुंदर, पण बहुतेक लिफ्टना बेसमधून सुटी निघणारी गोल मोटर लागते. प्लंज राउटरची मोटर सहसा निघत नाही, म्हणजे लिफ्टसाठी राउटरही नवा घ्यावा लागतो. 65 मिमी मोटरच्या ट्रिमरसाठी लहान लिफ्ट मिळतात, त्या चालतात. रोज तेच एक-दोन प्रोफाइल काढणाऱ्याला लिफ्टची गरज नाही. तेवढ्या पैशांत दुसरं खरं कॉलेट आणि चार चांगले कार्बाइड बिट घ्या.